मामंजींचा गोवा आणि माझी सही

मामंजी म्हणजे माझे सासरे. वाशीत ते पुष्कळ वर्षं राहिले, पण वाशीत राहतो असं त्यांनी एकदाही कबूल केलं नाही. कुणी पत्ता विचारला तर आधी गोव्यातलं गाव सांगायचे, मग तालुका, आणि सगळ्यात शेवटी "सध्या मुलाकडे." ते 'सध्या' मरेपर्यंत चाललं.

रोज संध्याकाळी चहा झाला की गॅलरीत त्यांची खुर्ची मांडली जायची. हातांवर नक्षी, वेताची बैठक. गोव्याहून बोटीने आणलेली. आमची गॅलरी केवढीशी, तिच्यातली अर्धी खुर्चीनेच खाल्लेली. कपडे वाळत घालायचे तर मला आडवं होऊन जावं लागे. समोर तेव्हा बघायला काही नव्हतं. भराव टाकलेली माती, वर सळ्या निघालेल्या अर्धवट इमारती, आणि लांब खाडीचा पूल. ती माती ज्यांच्या शेतांवर टाकली होती ते लोक बाजूच्याच गावात राहत होते. मामंजींना ते कधी दिसले नाहीत. त्यांना समोर मांडवी नदी दिसायची.

ऐकायला खालच्या मजल्यावरचे बँकवाले यायचे. सांगलीकडचे, जाडे, हसरे गृहस्थ. मुंबई सोडून इकडे आल्यामुळे त्यांना संध्याकाळी जायला कुठे जागाच नव्हती, म्हणून ते आमच्याकडे येत. मामंजींना वाटायचं, ज्ञानासाठी येतात.

मग गोव्याची माहिती सुरू व्हायची. शाळेतले मास्तर नकाशावर काठी फिरवतात तशी मामंजी हवेत बोट फिरवत. उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला काणकोण, पूर्वेला घाट, पश्चिमेला समुद्र. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या. लाल चिऱ्याची घरं. आधी कदंब, मग आदिलशहा, मग पाकले. पाकले म्हणजे पोर्तुगीज गोरे, तिकडचा शब्द. पाकल्यांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं हे सांगताना मामंजींची छाती अशी पुढे यायची की जणू त्यातली दोन-तीनशे वर्षं त्यांनी स्वतः सांभाळली होती.

"आणि आता बघा," ते म्हणायचे, "केंद्रशासित. स्वतःची विधानसभा, स्वतःचा मुख्यमंत्री. एवढासा मुलूख, पण कुणाच्या ओंजळीने पाणी पीत नाही."

हे ते मुलाच्या घरात, मुलाच्या पगारावर, सुनेच्या हातचा चहा पीत सांगत.

बँकवाले मुद्दाम खोदून विचारायचे. "काका, पाकल्यांच्या वेळी दुकानांत काय काय मिळायचं म्हणालात?"

"काय मिळत नव्हतं ते विचारा. स्वित्झर्लंडची घड्याळं, चीजचे डबे, फ्रान्सची अत्तरं. मुंबईच्या शेठजीनं पाहिली नसतील अशी."

"आणि तांदूळ?"

"तांदूळ..." मामंजी जरा थांबायचे. "तांदूळ बाहेरून यायचा."

"म्हणजे जेवायची वेळ बरोबर कळायची, जेवायला काय ते नव्हतं," बँकवाले म्हणायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे. मामंजी हसत नसत. त्यांच्या त्या मुलुखाबद्दल हसायची परवानगी कुणालाच नव्हती.

पाकल्यांच्या राज्यात मामंजी जकात कचेरीत होते. ते ज्या रीतीने सांगत त्यावरून मला पुष्कळ दिवस वाटायचं की जहाजं यांना विचारून बंदराला लागत. पुढे त्यांचे एक चुलत भाऊ आमच्याकडे जेवायला आले तेव्हा सहज बोलून गेले, की हा पेटाऱ्यांवर शिक्के मारायचा, आणि इतक्या जोराने मारायचा की साहेब आतून ओरडायचा. मी वाढत होते. मी मान वर केली नाही, पण त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

माझं माहेर उरणकडचं, खाडीकाठचं. वडिलांची थोडी भातशेती होती आणि मोसमात ते मिठागरावर जात. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला खाडी ओलांडावी लागे आणि मुलींना तिकडे कुणी धाडत नसे, म्हणून माझं शिक्षण चौथीत संपलं. त्यात मी लाजरी. चार माणसांत माझ्या तोंडून आवाज निघत नसे, आणि निघाला तर मी जमिनीशी बोलते आहे असं लोकांना वाटे. स्थळ आलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते. जात एक, मुलगा बेलापूर रोडच्या कारखान्यात कायम, वाशीत घर, घरात सासू नाही. ह्यांची आई हे शाळेत असतानाच गेली होती. सासू नाही हे आमच्या बायकांना फार मोठं सुख वाटलं. सासऱ्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं.

लग्न उरणला करू असं वडील म्हणाले. मामंजींनी हात झटकला.

"आमच्यात लग्न आधी कचेरीत लागतं. मग भटजी. ते पण गोव्यात. दोनदा सह्या होतात. पहिल्यांदा आम्ही करणार म्हणून, आणि मधे कुणाची हरकत आली नाही की दुसऱ्यांदा. तुमच्यासारखं अक्षता टाकल्या आणि झालं असं आमच्याकडे नसतं."

वडिलांनी नाही म्हणायचा प्रयत्न केला. इतक्या लांब माणसं कशी न्यायची, दोन सह्यांच्या मधे राहायचं कुठे. मामंजी म्हणाले, माझ्या घरी. तो वाडीतला मोठा बंगला आहे असं आम्हाला सांगितलं होतं. होतं कौलारू घर, पुढे बसायला दगडी बाकं, मागे माड, आणि भिंतींना वाळवी. वडील, आई, काका आणि मी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेलो. आईला सगळ्या वाटेत उलट्या झाल्या.

कचेरीत मी सही केली. मी एकेक अक्षर काढून लिहिते, तेव्हाही तशीच लिहायचे. कारकुनाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग मामंजींकडे. मामंजी त्याला पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलले आणि दोघे हसले. मला ती भाषा येत नव्हती. पण आपल्याला हसलेलं कळायला भाषा लागत नाही. दुसऱ्या सहीच्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच वाक्य टाकलं आणि कारकून पुन्हा हसला. एकच विनोद दोनदा करणारा माणूस किती हुशार असेल, हे मला तेव्हाच कळलं होतं.

वाशीत मामंजींच्या मुलुखाचे कायदे चालत. दुपारी जेवण झालं की ते दोन तास झोपत आणि तेवढा वेळ घरात भांड्याचा आवाज व्हायचा नाही. ह्यांनी ते लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी हेसुद्धा बोटांवर चालत. कालवणात त्रिफळं हवीत, व्हिनेगर हवं. आणि वर्षातून एकदा तिकडून सुक्या मासळीचं पार्सल यायचं. ते आलं की मामंजी दार उघडं ठेवून वास घ्यायचे. "हा आमच्या समुद्राचा वास," म्हणायचे. माझी आई एकदा सुकट घेऊन आली तर म्हणाले, "ह्या बायकांना बसमध्ये घेतात कसे?" आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. पिशवी घेऊन संध्याकाळच्या आधी निघाली.

"येत जा गं मधून मधून," मी जिन्यात म्हटलं.

"मी नाय यायची," आई म्हणाली. "तुजा सासरा मना बगला का नाकाला रुमाल लावतंय. त्याला काय वाटतं, त्याचं मासं गुलाबपान्यात पोवतात?"

एका संध्याकाळी बँकवाले बायकोला घेऊन आले होते. मामंजी खुशीत होते. बायका ऐकायला असल्या की ते कायद्यावर यायचे.

"पाकल्यांची एक गोष्ट सगळ्या भारतात कुठे नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे लग्न झालं की नवऱ्याचं अर्धं बायकोचं. त्याच्या बापाकडून येईल त्याचंसुद्धा. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घराचं कौल विकता येत नाही! पाकले गेले, दिल्लीवाले आले, पण या कायद्याला कुणी हात लावला नाही. ही आमची संस्कृती."

"बाप रे," बँकवाले म्हणाले. "बरं झालं ते सांगलीपर्यंत पोचले नाहीत."

त्यांची बायको ताडकन म्हणाली, "पोचायला हवे होते. तुमच्या भावांनी मळा परस्पर विकला नसता मग. मी दारात आडवी पडले असते."

सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, आता ते म्हणतील की हीसुद्धा त्यातलीच.

"साखर कमी आहे गो," ते म्हणाले.

ती कायद्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून त्यानंतरही कितीतरी वेळा ऐकली. पाहुणा नवा आला की कायदा आलाच. त्या कायद्यातली बायको म्हणजे कुणीतरी झग्यातली, पंखा घेतलेली, खुर्चीत बसलेली बाई असावी. स्वयंपाकघराच्या दारातली त्यांना कधी सुचली नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचली नव्हती.

मग आमच्या गावावर मोजणी आली. न्हावा शेव्याला मोठं बंदर होणार, त्याच्यामागे नवी वसाहत होणार, असं लोक म्हणत होते. वडील त्याआधीच वारले होते. आमची जमीन, घर सातबाऱ्यावर काकांच्या नावाने होतं, आणि काका गेल्यावर चुलत भावाच्या. भाऊ-भाऊ एकत्र, वेगळं नाव कशाला लावायचं, असं वडील म्हणायचे. आईचं नाव तर कुठेच नव्हतं. ती त्या घरात लग्न होऊन आली, त्या शेतात जन्मभर वाकली, पण कागदावर ती नव्हतीच. मोजणीवाल्यांनी घराला नंबर घातला, चुलत भावाला नवीन जागेवर प्लॉट मिळाला, आणि आईला त्याच्या नव्या घराच्या पडवीचा एक कोपरा मिळाला.

मी बघायला गेले. तिची ट्रंक पडवीत, ट्रंकेवर चटई. चूल वेगळी. भावजय मला चहा घ्यायला आत बोलावत होती, आईला नाही. आईची लुगडी कुंपणाच्या झुडपावर वाळत होती.

"दोरीवर का नाही घातलीस?" मी विचारलं.

"दोरी त्यांची हाय," आई म्हणाली. मग लगेच, "मना काय तरास नाय. तू जा. तुजा सासरा वाट बगत आसंल."

त्या दिवशी घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, आईला आपल्याकडे आणूया. माझं वाक्य पुरतं झालं नसेल, तोच हे म्हणाले, "बाबांना विचारतो." हे चाळिशीला आले होते. पायातला बूट कुठला घ्यायचा तेसुद्धा बाबांना विचारत.

मामंजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"मुलीच्या आईनं मुलीच्या सासरी राहायची आमच्यात पद्धत नाही," पेपराच्या मागून आवाज आला. "आणि झोपणार कुठे? पुढच्या खोलीत मी बसतो."

पुढची खोली म्हणजे त्यांचा मुलूख, गॅलरी त्यांची राजधानी. माझं राज्य ओट्यापाशी. मी काही बोलले नाही. बोलले असते तरी जमिनीशीच. पण त्यानंतर मला रोज ते झुडूप दिसायचं.

साधारण त्याच सुमाराला गोव्यात हॉटेलवाले समुद्राकाठची घरं शोधत फिरत होते. मामंजींच्या घराला गिऱ्हाईक आलं. मला वाटलं, आता हे त्या माणसाला हाकलून देतील. ज्या घरासाठी इतकी वर्षं रोज संध्याकाळी डोळे पुसले, ज्या माडांची आम्हाला नावानिशी ओळख करून दिली, ते घर! मामंजींनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "सेक्टरमधे नव्या बिल्डिंगा होतायत तिथे तीन खोल्यांचा ब्लॉक मिळेल. मला स्वतंत्र गॅलरी हवी." दुपारी झोपलेसुद्धा नाहीत. ह्यांना मार्केटमधे गाळा घ्यायचा होता, तेही खूश. बापलेक गोव्याला गेले.

तिकडे काय झालं ते मला नंतर ह्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं. वकिलाने सगळी कागदपत्रं बघितली आणि विचारलं, "सूनबाई कुठे आहेत?"

"ती घरी. तिचं काय काम?" मामंजी म्हणाले.

वकील म्हणाला, तुमची बायको वारली तेव्हा घरातला तिचा अर्धा वाटा मुलाकडे आला. मुलाचं लग्न इथल्या कायद्याने, इथल्या कचेरीत, दोन सह्यांनी झालेलं आहे. तेव्हा त्या अर्ध्यातलं अर्धं तुमच्या सुनेचं. तिने स्वतः येऊन सही केल्याशिवाय हे घर विकता येणार नाही. आणि वर म्हणाला, "लग्न तिकडेच केलं असतंत तर कदाचित इतकं अडलं नसतं. पण तुम्ही तर मुद्दाम इकडे येऊन नोंदवलंत. तुम्हाला कायदा ठाऊकच असणार."

ठाऊक होता. अख्ख्या वाशीला त्यांनी तो ठाऊक करून दिला होता.

परत आले तेव्हा मामंजींच्या हातात दोदोलचा डबा होता. गूळ, नारळ, तांदळाच्या पिठाची ती गोव्याची मिठाई. "हा तुझ्यासाठी गो," ते मला म्हणाले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी त्यांनी आणलेली ही पहिली वस्तू. शिवाय त्या दिवशी चहात साखर बरोबर होती. दुसऱ्या दिवशीही बरोबर होती. मी काही वेगळं करत नव्हते.

तिसऱ्या वेळी चहाचं कौतुक झालं तेव्हा हे म्हणाले, "अगं, पुढच्या आठवड्यात गोव्याला जाऊन यायचंय. तुला पण. एक सही आहे, बाकी काही नाही."

"कशावर?" मी विचारलं.

"घराच्या कागदावर. फॉर्म्यालिटी असते."

मी आत गेले आणि कांदा चिरायला घेतला.  त्या घराचं मला काही नव्हतं. लग्नाच्या वेळचे थोडे दिवस सोडले तर मी त्यात कधी राहिले नव्हते. विकू देत नाहीतर वाळवीला देऊ देत. पण माझ्याकडे मागण्यासारखी एक गोष्ट होती, आणि त्यांना माझ्याकडून हवी अशी एक गोष्ट होती, आणि असं आजवर कधीच झालं नव्हतं. पुन्हा होणारही नव्हतं.

संध्याकाळी बँकवाले आले. चहा देऊन मी रोज आत जाते, त्या दिवशी गेले नाही. ट्रे छातीशी धरून दारातच उभी राहिले.

"मामंजी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी सही करीन. पण आधी आईला इथे आणायचं. कायमचं."

मामंजींना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, कारण माझ्या दिशेने काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. हे उठून उभे राहिले. "हे काय गं मधेच? पाहुण्यांसमोर?"

"मी पाहुणा नाही, बसा," बँकवाले म्हणाले. "कसली सही?"

कुणी सांगेना. मग मीच सांगितलं, जमिनीकडे बघून, पण सगळं सांगितलं.

बँकवाल्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरत गेलं ते मी विसरणार नाही. जत्रेत फुकट कुस्ती बघायला मिळाल्यासारखं. "म्हणजे काका, ते कौल विकता येत नाही म्हणालात, ते कौल यांचंच?"

"हा आमच्या घरचा विषय आहे," मामंजी म्हणाले.

"बरोबर. अर्धा तुमच्या घरचा."

मामंजी माझ्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "सौदा करतेस? सासऱ्याशी? हेच शिकवलं का तुला त्या मिठागरात?"

मी दारातून हलले नाही.

"त्या बाईला इथे आणून ठेवशील तर मी या घरात राहणार नाही. माझ्या घरी जाईन, गोव्याला!"

"ते तर विकताय ना काका," बँकवाले अगदी हळू म्हणाले.

  मामंजींनी चहाचा कप उचलला, रिकामा आहे हे बघून खाली ठेवला. इतकी वर्षं त्यांनी तो मुलूख आमच्या डोक्यावर नाचवला. आता त्यातलं बसायला एक बाकसुद्धा त्यांना माझ्याशिवाय विकता येत नव्हतं. मला त्यांची दया यायला हवी होती, असं एखादी चांगली बाई म्हणेल. मला आली नाही.

त्यानंतर दोन दिवस घासाघीस चालली. ह्यांनी मला समजावलं, मग रागावले, मग म्हणाले की सही नंतर, आई नंतर, दोन्ही करू. मी म्हटलं, आई आधी. ह्या तीन शब्दांच्या पलीकडे मी काही बोललेच नाही. बोलायला गेले असते तर त्यांनी मला गुंडाळलं असतं. लाजऱ्या माणसाला एवढा एक फायदा असतो, थोडं बोललं तर कुणाला नवल वाटत नाही. शेवटी गाळ्याची निकड पद्धतीपेक्षा मोठी ठरली. रविवारी हे स्वतः उरणच्या बसने गेले आणि आईला आणि ट्रंकेला घेऊन आले.

आई दारात थांबली. आत येईना. मामंजी पुढच्या खोलीत पेपर धरून बसले होते.

"या," पेपर म्हणाला.

नंतर आम्ही गोव्याला गेलो, आई वाशीतच राहिली. बोट म्हटलं की तिला पोटात ढवळायचं. कचेरी तीच होती, कारकून दुसरा. कागद माझ्यासमोर आला. मी पेन घेतलं आणि एकेक अक्षर काढून लिहायला लागले. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे. मला त्या दिवशी जरा भरभर लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. कारकून घड्याळाकडे बघायला लागला. हॉटेलवाल्याचा माणूस पाय हलवत होता. हे घाम पुसत होते. मी एका अक्षराशी थांबून वर पाहिलं. मामंजींनी ह्या खेपेला कुणाला काही सांगितलं नाही. ना पोर्तुगीजमधे, ना मराठीत.

नवा ब्लॉक मिळायला वेळ लागला, तोवर आई पुढच्या खोलीत झोपू लागली. आणि मग झालं असं, की बँकवाल्यांची बदली झाली. मामंजींच्या गोव्याला ऐकणारा उरला नाही. मी कामात, हे गाळ्यात. काही दिवस ते गॅलरीत एकटेच समोर बघत बसायचे. मग एका संध्याकाळी मी आतून ऐकलं, त्यांनी घसा साफ केला.

"उत्तरेला तेरेखोल," ते म्हणाले.

आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. "कंचं खोल?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. नद्या सांगितल्या, पाकले सांगितले, घड्याळं, अत्तरं, विधानसभा. आईने मधे एकदाही बँकवाल्यांसारखी चेष्टा केली नाही. खडे वेचत सगळं ऐकून घेतलं. घराचं वर्णन आलं, दगडी बाकं आली, माड आले. मामंजींचा आवाज नेहमीप्रमाणे भरून आला.

"ते गोरं गेलं, मंग घर तुमचंच ऱ्हायलं ना?" आईने विचारलं.

"राहिलं. कुणाच्या बापाची हिंमत होती!"

"सरकार आलं नाय मोजायला? नंबर नाय घातला?"

"आमच्या घराला? कुणी बोट लावलं नाही."

आईने सूप खाली ठेवलं. तिला खरंच कळत नव्हतं, ती टोमणा मारत नव्हती. तिच्या आवाजावरून मला ते कळलं.

"मंग इकलंत कशाला?" ती म्हणाली.

मामंजी उठले. आत गेले आणि दिवा न लावता पलंगावर पडले. त्या दिवसानंतर गोव्याची माहिती बंद झाली. पुढे एक दिवस पेपरात आलं की गोवा आता केंद्रशासित नाही, पुरं राज्य झालं. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले, तर म्हणाले, "माहीत आहे," आणि पान उलटायला सांगितलं.

त्यांची खुर्ची गॅलरीतच होती. कुणी बसत नव्हतं. आईने तिच्या पाठीवर आपलं लुगडं वाळत घातलं, आणि नक्षीच्या दोन हातांवर सुपात सुकट ठेवली. मामंजींनी येता-जाता बघितलं. नाकाला रुमाल लावला नाही. रात्री जेवताना मी ती सुकट कांद्यावर परतून वाढली, तर त्यांनी दुसऱ्यांदा मागितली.